नुसतं मीठ-पाणी

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमधली गोष्ट. डेन्मार्कमध्ये जुलैत अर्धा देश सुट्टीवर असतो. प्रयोगशाळेत मी आणि एक चिनी सहकारी, एवढेच होतो. आईचा फोन आला तेव्हा आरहूसमध्ये सकाळचे नऊ वाजले होते, म्हणजे कऱ्हाडात साडेबारा.

"अगं, अप्पांचं पोट बिघडलंय कालपासून. सात-आठ वेळा जाऊन आले. काळजीचं काही नाही. लिंबू-मिठाचं पाणी देतेय सारखं. साखर नाही हं घातली, त्यांना शुगर आहे ना."

"बरं केलंस," मी म्हणाले. "आराम करायला सांग त्यांना. संध्याकाळी करते फोन."

फोन ठेवला आणि मी पुन्हा कामाला लागले. एका शोधनिबंधाच्या परीक्षकांना उत्तरं लिहायची होती, मुदत दोन दिवसांवर आली होती. समोरच्या पडद्यावर एका प्रथिनाची आकृती होती. त्या प्रथिनाचं काम एका वाक्यात सांगायचं तर असं: आतड्यातलं मीठ आणि साखर ते जोडीनं पेशीच्या आत घेतं. साखर नसेल तर त्या दारातून मीठही आत जात नाही. या एका वाक्यावर मी पीएचडीची पाच वर्षं आणि त्यानंतरची दोन वर्षं घालवली आहेत. आणि त्या सकाळी, आई नेमकं तेच वाक्य उलटं करून मला सांगत असताना, मी "बरं केलंस" म्हणाले.

पुढचं सांगण्याआधी हे दार कसं चालतं ते सांगते, कारण मला तुम्हाला जो प्रश्न विचारायचा आहे तो त्याशिवाय नीट कळणार नाही.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असतं. जाडी साधारण पाच नॅनोमीटर. अशी पंधरा-वीस हजार आवरणं एकावर एक रचली तर एका केसाएवढी जाडी होईल. हे आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं. प्राणवायूसारखे छोटे रेणू त्यातून सहज आरपार जातात. मिठातलं सोडियम, साखर यांना मात्र ते जाऊ देत नाही. त्यांच्यासाठी आवरणात प्रथिनांची दारं असतात. काही दारं नुसती उघडतात, आणि पदार्थ जास्त असेल तिथून कमी असेल तिकडे आपोआप वाहतो. काही ठिकाणी मात्र पंप असतात, ते उतारावरून चढाकडे पदार्थ ढकलतात आणि त्यासाठी पेशीला शक्ती खर्चावी लागते. असा पहिला पंप याच शहरात सापडला. येन्स स्कौ यांनी किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पायांतल्या नसा वाटून त्यावर प्रयोग केले आणि १९५७ साली तो निबंध प्रसिद्ध केला. चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांना नोबेल मिळालं. तो पंप एका फेरीत सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. तुम्ही हे वाचत शांत बसला आहात, तरी तुमच्या शरीराच्या खर्चाचा मोठा वाटा या पंपावर चालला आहे. पंप थांबला की आत-बाहेर सारखं होतं. पेशीच्या भाषेत सगळं सारखं होणं म्हणजे मरण.

माझं प्रथिन या दोहोंच्या मधलं आहे. पंपानं सोडियम बाहेर टाकून ठेवल्यामुळे आतड्यातलं सोडियम पेशीत शिरायला उत्सुक असतं. (उत्सुक हा शब्द सैल आहे, पण चालवून घ्या.) त्या ओढीचा फायदा घेऊन हे प्रथिन साखरेलाही आत ओढतं. आधी सोडियमचे दोन आयन येऊन बसतात, मग साखरेची जागा तयार होते. साखर बसली की बाहेरची बाजू मिटते आणि आतली उघडते. इथल्या घरांना थंडी अडवायला एकामागे एक दोन दारं असतात, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, तसंच. मीठ आणि साखर आत गेली की त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाबांत शरीराला हवं असतं ते हेच पाणी. मिठाला आत जायचे दुसरे मार्ग नसतात असं नाही, पण आजारात ते मंदावतात. कॉलऱ्यात तर जवळजवळ बंद पडतात. हे जोडीचं दार मात्र कॉलऱ्यातही शाबूत राहतं. ओआरएसच्या पुडीत साखर असते ती चवीसाठी नाही. ती या दाराची किल्ली आहे.

अप्पा तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन मोरीत पडले. चुलतभावानं गाडीत घालून दवाखान्यात नेलं. चार दिवस सलाईन लागलं. मूत्रपिंडावर ताण आला होता, क्रिएटिनिन वाढलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा गोळ्या विचारल्या. अप्पा मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन घेतात आणि शिस्तीचे आहेत. पोटात अन्नाचा कण नसतानाही त्यांनी ती चुकवली नव्हती. ही गोळी मूत्रपिंडातलं असंच एक दार अडवते, माझ्या प्रथिनाचं सख्खं भावंडच. साखर लघवीवाटे बाहेर जाते आणि तिच्याबरोबर पाणीही. उलट्या-जुलाब चालू असताना ती तात्पुरती थांबवायची असते, हा सर्वसाधारण नियम मलाही ठाऊक होता. (तुमच्या घरी कुणी ही गोळी घेत असेल तर आजारपणात काय करायचं हे त्यांच्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा. लेख पुढे वाचला नाहीत तरी चालेल.)

अप्पा बरे झाले. "वेळेवर आणलंत," असं डॉक्टर म्हणाले. मला कुणीही, एका शब्दानं, काही बोललं नाही. उलट आई म्हणाली, "तू तिकडे एकटी, उगाच काळजी करत बसली असशील."

तर प्रश्न असा आहे. माझं चुकलं का? आणि चुकलं असेल तर काय चुकलं?

माझ्या बाजूनं मी बराच काळ वकिली केली. पहिला मुद्दा, मी डॉक्टर नाही. लोकांच्या तोंडी "डॉक्टर" असलेली मी पीएचडीवाली. औषधपाण्याचा सल्ला देणं माझं कामच नाही. हा मुद्दा खरा आहे, पण माझ्या उपयोगाचा नाही. मीठ-पाण्यात साखर घाल, एवढं सांगायला डॉक्टर असावं लागत नाही. ते रेडिओवर सांगतात.

दुसरा मुद्दा, मी काही केलं नाही. साखर घालू नकोस असं मी सांगितलं नव्हतं, आईनं ते स्वतः ठरवलं होतं. करणं आणि न करणं यांत फरक असतो असं आपण धरून चालतो. कुणाला पाण्यात ढकलणं वेगळं आणि बुडणाऱ्याला न वाचवणं वेगळं. तत्त्वज्ञांनी या फरकावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. जेम्स रेचल्स यांनी तर १९७५ साली असा युक्तिवाद केला की हेतू आणि परिणाम सारखेच असतील तर हा फरक आपोआप टिकत नाही. पण माझा हेतू वाईट नव्हताच. माझा हेतू कुठेच नव्हता. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. शिवाय "बरं केलंस" हे न करणं नाही. तो शिक्का आहे. आईनं सहजच सांगितलं होतं हे मला माहीत आहे, पण आमच्या घरात पोटातलं सगळं कळणारी एकच व्यक्ती आहे असं ती समजते, आणि त्या व्यक्तीनं शिक्का मारला होता.

तिसरा मुद्दा सगळ्यात मोहक आहे. हे ज्ञान गुपित नाही. पुडीवर छापलेलं असतं, नेटवर शंभर ठिकाणी आहे. आज कुणालाही काहीही कळू शकतं. मग ते पोहोचवण्याची जबाबदारी माझीच कशी?

इथेच, मला वाटतं, आपण सुशिक्षित माणसं एक चुकीचं चित्र डोक्यात घेऊन जगतो. ज्ञान जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे आपोआप झिरपतं, हे ते चित्र. शोध लागला, छापून आला, की आपलं काम संपलं. बाकी उतार आहेच. पण याच दाराचा इतिहास बघा. मीठ आणि साखर जोडीनं जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली. ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना साखर-मिठाचं पाणी पाजून त्यांची सलाईनची गरज पुष्कळ कमी होते हे १९६८ साली दाखवलं. म्हणजे प्रयोग झाला होता, छापून आला होता. तरीही कॉलऱ्याला शिरेतून सलाईनच हवं, हाच समज पक्का राहिला.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत कॉलरा पसरला. बनगावच्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. त्यांनी कोलकात्यात ग्लुकोज, मीठ आणि खायच्या सोड्याच्या पुड्या भरून घेतल्या. लिटरला बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. ते पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि पेले रुग्णांच्या आया, बहिणी, भावांच्या हातात दिले. त्याला नाव दिलं 'ओरल सलाईन', कारण सलाईन या शब्दावर लोकांचा विश्वास होता. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते त्यांच्या देखरेखीखाली चार टक्क्यांच्याही खाली आलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ मध्ये मिळालं.

त्यांनी नवीन रेणू शोधला नव्हता. जे माहीत होतं ते, त्या आईच्या हातातल्या पेल्यापर्यंत नेलं. आणि हे नेणं आपोआप झालं नाही, त्यासाठी कुणालातरी खर्च सोसावा लागला. पुढे बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेनं १९८० ते १९९० या दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरी जाऊन आयांना चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ यांचं पाणी करायला शिकवलं. शिकवणाऱ्या बायकांचा पगार किती घरं केली यावर नव्हता. काही आठवड्यांनी दुसरं कुणीतरी जाऊन तपासायचं की आईला किती लक्षात आहे, आणि त्यावर तो ठरायचा. तरी सुरुवातीला वापर कमीच. कृती पाठ, पण मूल आजारी पडलं की दुसरंच औषध. तेव्हा लक्षात आलं की शिकवणाऱ्या बायकांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता, आणि घरातल्या पुरुषांना तर कुणी विचारलंच नव्हतं. मग त्यावर काम झालं.

नुसती माहिती आत जात नाही. तिच्याबरोबर विश्वास जावा लागतो. हे वाक्य लिहिताना मला माझंच प्रथिन दिसतं, आणि म्हणून मी इथे थांबते. आमच्या क्षेत्रातल्या माणसांना ही खोड असते: पेशी काय करते ते सांगायचं आणि त्यातून माणसानं काय करावं याचा निष्कर्ष काढायचा. हे बरोबर नाही. पेशीला काही हवं नसतं. ती सोडियम बाहेर टाकते तेव्हा कर्तव्य करत नसते, आणि थांबली तर गुन्हा करत नसते. निसर्गात असं होतं म्हणून आपण तसं करावं, या तर्कानं जगात फार वाईट गोष्टीही झाल्या आहेत. पेशीकडून मी फक्त एक चित्र घेते. निवाडा मला माणसांतच करावा लागणार.

आणि माणसांत एक मोठी अडचण आहे. आपल्याला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याला द्यावं, हा समर्थ रामदासांचा उपदेश मी शाळेच्या भिंतीवर रोज वाचलाय. पण मला ठाऊक असलेली प्रत्येक गोष्ट, तिची गरज असलेल्या प्रत्येकाचं माझ्यावरचं कर्ज असेल, तर मी जेवू कधी आणि झोपू कधी? जगात आत्ता या क्षणी कितीतरी आया साखरेविना मीठ-पाणी देत असतील. त्या सगळ्यांची मी अपराधी नाही. असं ओझं घेणारा माणूस एकतर मोडतो किंवा ढोंगी होतो.

मग रेघ कुठे ओढायची? मी माझ्यापुरती अशी ओढली आहे, तुम्ही तपासून बघा. तीन गोष्टी एकत्र आल्या तर ठाऊक असणं हे कर्ज होतं: मला माहीत आहे, समोरच्याला गरज आहे, आणि त्या क्षणी आमच्यातलं दार उघडं आहे. पहिल्या दोन गोष्टी जगभर पसरलेल्या आहेत, तिसरी क्वचित असते. त्या सकाळी ती होती. आईनं स्वतःहून फोन केला होता आणि साखरेचं स्वतःहून सांगितलं होतं. मला फक्त ऐकायचं होतं. माझं चुकलं ते एवढंच, आणि ते थोडं नाही. अप्पा वाचले हे माझं नशीब. ते वाचले नसते तर माझी चूक मोठी झाली असती असं मला वाटत नाही, ती फक्त सगळ्यांना दिसली असती.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासाठी हे दार मोठं विचित्र आहे. तुमच्या रविवारच्या फोनचा विचार करा. ते आपल्याला आजारपण अर्धं सांगतात, "काळजीचं काही नाही" हे आधी. आपण त्यांना नोकरीचं, व्हिसाचं, एकटेपणाचं अर्धं सांगतो. दोन्हीकडून प्रेमापोटी गाळणी लावलेली असते. वीस मिनिटं बोलणं होतं, आणि हवापाणी, भाजी काय केली, कुणाचं लग्न ठरलं याशिवाय फारसं काही पलीकडे जात नाही. या गाळणीला कुणी दोषी नाही. मात्र तिच्यातून एखादी खरी गोष्ट चुकून निसटून येते, लिंबू-मिठासारखी, तेव्हा ती ओळखायला आपण जागे असावं लागतं.

आणि याच्या उलट टोकाचा धोकाही आहेच, तो आपल्यातल्या पुष्कळांना माहीत असेल. त्या जुलैनंतर मी रोज फोन करून सूचना द्यायला लागले. हे खाऊ नका, ते मोजा, अमुक तपासणी करा. महिन्याभरात अप्पा फोनवर यायचेच बंद झाले. "तिला सांग, बरा आहे." तिकडे बसून आम्हाला शिकवते, हे ते बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं. मी आधी काय विचारलं होतं? काहीच नाही. नुसती साखर घेऊन दाराशी उभी होते.

मग यंदा फेब्रुवारीत कऱ्हाडला गेले तेव्हा काही सांगितलं नाही. अप्पांना विचारलं, त्या तीन दिवसांत काय काय झालं, त्यांना काय वाटलं होतं. ते तासभर बोलले. मोरीत पडले तेव्हा पहिल्यांदा कसली भीती वाटली, तेही सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, "पण मधुमेहवाल्यानं साखर घ्यायची म्हणजे कसं?" तेव्हा मी सांगितलं, आणि त्यांच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघं मिळून गेलो.

डॉक्टरांच्या सल्ल्यानं एक कागद केला आणि तो स्वयंपाकघरात कालनिर्णयशेजारी लावला. मराठीत, मोठ्या अक्षरांत. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. कुठली गोळी थांबवायची, किती वेळात फोन करायचा. आईनं वाचला आणि म्हणाली, "चमचा कुठला? पोह्यांचा की चहाचा? आणि शिगोशीग की सपाट?" सात वर्षं मी या दारावर काम करतेय, हा प्रश्न मला पडला नव्हता. चहाचा, सपाट. मी ते कागदावर लिहिलं.

गेल्या महिन्यात फोन चालू असताना आमच्या शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या नातवाला जुलाब होत होते. आई फोन तसाच ओट्यावर ठेवून त्यांना सांगायला लागली. "साखर घालायचीच बरं का, त्याशिवाय मीठ आत जात नाही. सहा चमचे साखर, एक चमचा मीठ..."

"अर्धा!" मी आरहूसहून ओरडले. "आई, अर्धा! मीठ जास्त झालं तर पोराला त्रास होईल!"

पलीकडे क्षणभर शांतता. मग आईचा आवाज आला, "थांबा हं काकू, कागदच आणते."